येताना ताट घेऊन या

"काई करून नाई राह्यली मी. बस, या. अन् येताना आपापलं ताट घेऊन या."

एवढंच बोलून सिस्टर फोन ठेवायच्या. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या वसाहतीत अकरा घरी हा फोन यायचा. पलीकडचा माणूस "कशानिमित्त?" असं विचारेपर्यंत त्या पुढच्या कामाला लागलेल्या असत. निमित्त कधीच नसायचं, म्हणून आम्हा लोकांची फार पंचाईत व्हायची. निमित्ताशिवाय कोणाकडे जेवायला जायचं तर कोणती साडी नेसावी, हेसुद्धा आम्हाला ठरवता येत नाही.

सिस्टर म्हणजे कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरातल्या निवृत्त नर्सबाई. उभी नोकरी पांढरकवडा-केळापूरच्या बाजूला गेली, त्यामुळे कोलाम आदिवासी बायांशी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलता यायचे आणि पावसात नाला कसा ओलांडायचा हेही ठाऊक होतं. नवरा लवकर गेला, मूल नाही, नागपूरला एक भाची. अंगाने लहानखुऱ्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. एक सवय मात्र विचित्र होती. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायच्या. प्रेमाने धरतात असं नव्याने भेटलेल्याला वाटायचं. त्या नाडी बघत असायच्या.

आता आमच्या वसाहतीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर सिस्टरांचं वेगळेपण लक्षात येणार नाही. आमच्याकडे "साधंच आहे" या शब्दाला फार मोठा अर्थ आहे. "बारसं साधंच आहे" म्हणजे मंडप. "वाढदिवस साधाच आहे" म्हणजे मंडप, फुग्यांची कमान आणि पाणीपुरीचा स्टॉल. "अगदीच घरगुती आहे" असं कोणी म्हणालं तर समजावं की लॉन बुक झालेलं आहे. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असंच असणार.

दुसऱ्याला कशाला हसू? माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा मीही एक साधीशी पार्टी दिली होती. मी शाळेत शिक्षिका, नियोजनाची सवय. सुरुवात तर्रीपोह्यांपासून झाली. मग नणंद म्हणाली, निकालाला कोणी पोहे देतं का. त्यात पनीर आलं, पनीरमागून पुलाव, पुलावामागून दोन गोड, कारण एकच गोड केलं तर लोक म्हणतात मुलीचा निकाल म्हणून हात आखडला. नवऱ्याने दीडशे फुगे तोंडाने फुगवले आणि घेरी येऊन सोफ्यावर पडला. पाहुण्यांना वाटलं आनंदाने भरून आलं. ज्या मुलीसाठी हे चाललं होतं ती मैत्रिणीच्या घरी जाऊन झोपली. दुपारी साडेतीनला मी ओट्याशी उभी राहून गार पुलाव खाल्ला आणि पुढचे तीन दिवस कमरेला पट्टा बांधून शाळेत गेले. जाताना प्रत्येक जण म्हणाला, "कशाला एवढं केलं?" आणि म्हणताना प्रत्येकाची नजर तिसरं गोड शोधत होती.

सिस्टरांकडे एकच पदार्थ असायचा. थंडीत रोडगे आणि वांग्याची भाजी. अंगणात गोवऱ्या पेटवायच्या, कणकेचे गोळे त्या आरात टाकायचे आणि सगळ्यांनी भोवती बसून वाट पाहायची. पावसाळ्यात डाळीचे गोळे घातलेला गोळाभात आणि कढी. उन्हाळ्यात डाळभाजी, भाकरी आणि कच्चा कांदा. वाढायला कोणी नाही, पातेल्यात डाव उभा. ज्याने त्याने आपल्या ताटात घ्यायचं, खायचं, अंगणातल्या नळावर ताट धुवायचं आणि पिशवीत टाकायचं. भेटवस्तू आणली तर दारातूनच परत. फोटो काढायला कोणी मोबाईल वर केला तर त्या त्याच्या हातात कांदा आणि विळी द्यायच्या.

आणि एक वाजला की त्या उठून फाटक उघडायच्या. "एक वाजला. आता आपापल्या घरी जाऊन झोपा." पहिल्यांदा आम्हाला हा अपमान वाटला. नंतर लक्षात आलं की पाहुण्याला आता निघावं की बसावं हा जो घोर असतो, तो या बाईने मिटवून टाकला. रविवारची दुपार आपल्या गादीवर, ढेकर देत. यजमानीण थकलेली नाही, पाहुणे अवघडलेले नाहीत.

घरून ताट न्यायचं हे तर वसाहतीला इतकं आवडलं की विचारू नका. आमच्याकडे एक निवृत्त प्राचार्य आहेत. त्यांनी ग्रुपवर यावर मोठा लेख टाकला: शून्य कचरा, पाण्याची बचत, प्राचीन परंपरा. गावाकडे पंगतीला लोक ताट-गडवा घेऊनच जायचे, ही आपली संस्कृती सिस्टरांनी पुनरुज्जीवित केली, वगैरे. खाली बत्तीस अंगठे आले. गल्लीतल्या एका हौशी वहिनींनी तशीच पार्टी ठेवली आणि सगळ्यांनी पितळी ताटं आणावीत अशी थीम काढली. लोकांकडे पितळी ताटं नव्हती. मग लोक ती विकत घ्यायला बाजारात गेले. साधेपणाचा असा खर्च आमच्याच वसाहतीला जमतो.

सिस्टरांनी तो लेख वाचला. त्यांना मी विचारलं, कसा वाटला? म्हणाल्या, "चांगला हाय. मोठा हाय."

त्यांच्या या साध्या पार्टीची खरी सुरुवात मला माहीत होती, आणि प्राचार्यांनाही होती.

सिस्टर राहायला आल्या तेव्हा त्यांनी वास्तूचं जेवण ठेवलं होतं. अकरा घरांना बोलावलं. त्यासाठी स्टीलची नवी चोवीस ताटं आणली. पुरणपोळी, वडाभात, कढी, पाटवड्या. तो पहिला आणि शेवटचा थाट. आम्ही सगळे गेलो. नटूनथटून गेलो. हॉलमध्ये बुद्धाची पांढरी मूर्ती होती आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला फोटो. कोणाचा, ते सांगायची गरज नाही. आम्ही नमस्कार केला, घर फार हवेशीर आहे म्हणालो आणि एकेकाला काहीतरी आठवायला लागलं. प्राचार्यांना पित्त झालं. वार रविवार, पण तीन घरांत उपास निघाले. एकांना बडनेऱ्याची गाडी गाठायची होती. सगळ्यांनी बाटलीतला थंडा मात्र घेतला, कारण बाटली कारखान्यातून बंद होऊन येते.

मी म्हणाले, "आत्ताच जेवून आले हो."

सिस्टरांनी माझं मनगट धरलं. जरा वेळ धरून ठेवलं. "भूक लागली हाय तुमाले," एवढंच म्हणाल्या आणि सोडून दिलं.

कारण जात होतं. बघा, हा एक शब्द लिहायला मी किती वेळ लावला. फुगे झाले, पितळी ताटं झाली, मग कुठे आला. शाळेत समतेवरचा पाठ मी दरवर्षी डोळ्यांत पाणी येईल असा शिकवते. पण घरी सासूबाई होत्या, आणि सासूबाईंच्या नावाखाली स्वतःचं भित्रेपण लपवायची मला सोय होती. त्या दिवशी घरी येऊन मी उभ्याउभ्या शिळी पोळी खाल्ली.

पुढच्याच महिन्यात तो फोन आला. काही केलं नाही, फक्त या, ताट आणा. आणि गंमत पाहा, सगळे आले. आणि सगळे जेवले. त्याच घरातलं, त्याच हाताने मळलेलं. ताट आपलं म्हटल्यावर पित्त शमलं, उपास सुटले, बडनेऱ्याची गाडी चुकली तरी चाललं. महागाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माझ्या सासूबाईंनी तर शास्त्रच काढलं. रोडगा आरात भाजला जातो, अग्नीने सगळं शुद्ध होतं. पुढे गोळाभात आला तेव्हा त्यांनी तेच शास्त्र गॅसच्या शेगडीला लावलं. फक्त पाणी त्या घरून न्यायच्या, पेल्यात, वर झाकण ठेवून.

चोवीस ताटांचं खोकं सिस्टरांच्या माळ्यावर गेलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत.

आता चूक सांगते. आमच्याकडे भांड्यावर नाव टाकायची पद्धत आहे. दुकानदार छोट्या मशीनने ठिपक्या ठिपक्यांचं नाव टाकून देतो. नसलं तर कार्यात भांडं गेलं म्हणून समजा. सासूबाईंच्या ताटाच्या काठावर सासऱ्यांचं नाव होतं. सिस्टरांचंही एक ताट होतं, जुनं, त्या नर्सिंगला निघाल्या तेव्हा त्यांच्या आईने दिलेलं, त्यावर त्यांचं अख्खं नाव आडनावासकट. त्या नेहमी त्यातच जेवायच्या. एका रविवारी नळावर गर्दी होती. मी घाईत दोन ताटं विसळली, पिशवीत टाकली आणि आले. दुसऱ्या दिवशी सासूबाई जेवता जेवता म्हणाल्या, "हे ताट कुठं ठेवलं होतं वं इतके दिवस? याच्यात वरण पळत नाही."

मी पाहिलं आणि माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. काठ उंच, मध्ये खोलगट, आणि काठावर सिस्टरांचं नाव.

सासूबाई चौथी शिकलेल्या. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ठिपके त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मी लगेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. रोज त्या ते ताट मागायच्या आणि रोज मी नावावर पापड ठेवून वाढायचे.

चार दिवसांनी मी तोंड उतरवून सिस्टरांकडे गेले. त्यांच्या मांडणीवर आमचं चपटं ताट सगळ्यात पुढे उभं होतं.

"कोण जेवते माह्या ताटात?" त्यांनी विचारलं.

"आई," मी म्हणाले.

सिस्टर हसायला लागल्या. हसता हसता स्टुलावर बसल्या, चष्मा काढून पदराने डोळे पुसले, पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, "राहू द्या. त्याइले वरण आवडते नं?" ते त्यांच्या आईचं ताट होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचे अकरा महिने वसाहतीत एक मोठा विनोद चालू होता आणि तो फक्त आम्हा दोघींना माहीत होता. दर दुसऱ्या रविवारी मी सिस्टरांचं ताट पिशवीत घालून सिस्टरांच्याच घरी न्यायचे. सासूबाई विटाळ नको म्हणून आपलं ताट, आपलं पाणी घेऊन ऐटीत बसायच्या. वयामुळे त्यांना एकट्यांना सिस्टर वाढून द्यायच्या, म्हणजे स्वतःच्याच नावावर डावाने कढी वाढायच्या आणि वाढताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. प्राचार्य शेजारी बसून संस्कृतीवर बोलत असायचे.

सासूबाईंच्या डोळ्यांचं किती वाढलं हे पहिल्यांदा लक्षात आलं तेही सिस्टरांच्याच. एका रविवारी सासूबाईंनी कांदा समजून लिंबाची साल तोंडात टाकली. सिस्टर संध्याकाळी घरी आल्या आणि म्हणाल्या, ऑपरेशन करून टाका, एक तरी डोळा आधी करा, उशीर नको. मी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच म्हटलं की डोळा झाला तर त्या ताटावरचं नाव वाचतील. आणि वाचलं तर तुमच्याकडे येणं बंद, बोलणं बंद, मला तर घरात राहणं कठीण. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

"वाचू द्या नं मॅडम," त्या म्हणाल्या. "बाईले दिसलं पाह्यजे. ताटाचं काय एवढं."

मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली. ताट वाचवायला मी सासूचा डोळा पुढे ढकलायला निघाले होते.

ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे होते. मी शाळेत, नवरा ऑफिसात. सिस्टर म्हणाल्या, मी येते. सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि संध्याकाळी सात. एकदाही चुकल्या नाहीत. साबणाने हात धुवायच्या, सासूबाईंची पापणी दोन बोटांनी अलगद उघडायच्या. ज्या हाताचं पाणी चालत नव्हतं, तो हात डोळ्यात चालत होता. याला सासूबाईंचं कोणतं शास्त्र होतं ते मी विचारलं नाही.

थेंब झाले की चहा. आणि इथे मला माझ्याच घराची एक गोष्ट सांगायची आहे. आमच्याकडे स्टीलचे कप आहेत. सिस्टर आल्या की मात्र कागदी कपांचं पाकीट निघायचं. म्हणायला स्वच्छता. पूर्वी लोक वेगळी कपबशी कोनाड्यात ठेवायचे. आता आम्ही सुधारलो, वापरून फेकून देतो. सिस्टर चहा प्यायच्या, कप चुरगाळायच्या आणि आपल्या पर्समध्ये टाकायच्या. "तुमच्या घरी कचरा कायले," म्हणायच्या.

आठवडा झाला आणि सासूबाईंना लख्ख दिसायला लागलं. जुना चष्मा नाकावर ठेवून त्या घरातलं सगळं वाचत सुटल्या. कॅलेंडरमागची भविष्यं, तिखटाच्या पुडीवरचा पत्ता, माझ्या साडीवरची इस्त्रीवाल्याची चिठ्ठी. तो शनिवार होता, माझी सकाळची शाळा. मी ते ताट कपाटावर लपवलं होतं आणि दुसऱ्यात वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले.

"माझं ताट कुठं हाय? याच्यात वरण पळून राह्यलं."

मी म्हटलं घासायला आहे. म्हणाल्या, घासून आण, थांबते. खरंच हात धुऊन थांबल्या. अर्धा तास गेला. शेवटी मी ते काढलं, भात-वरण वाढलं आणि नावावर पापड ठेवला. माझ्या डोक्यात एक गोष्ट आली नव्हती. पापड माणूस आधी खातो.

त्यांनी पापड उचलला आणि त्यांचा हात तसाच राहिला. मग पहिलीतलं पोर वाचतं तसं, एकेक अक्षर फोडून त्यांनी ते नाव वाचलं. आडनाव दोनदा वाचलं.

"किती दिवस झाले?"

"अकरा महिने, आई."

"तुले माहीत होतं?"

"हो."

त्या उठल्या. भरल्या ताटावरून उठल्या, खोलीत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, अन्न टाकून उठताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी ते ताट ओट्यावर तसंच ठेवलं.

चार वाजता सिस्टर आल्या. हात धुवायला स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यावरचं ताट पाहिलं. त्यावर सुकलेलं वरण पाहिलं. आत जाऊन पलंगावर बसल्या आणि सासूबाईंचं मनगट धरलं.

"मावशी, जेवल्या नाई तुम्ही."

सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"आधी थेंब टाकू द्या. राग मंग करा. रागात डोळा चोळल्या जाते."

सासूबाई उताण्या झाल्या. थेंब पडले. त्यानंतर पाच मिनिटं डोळे मिटून ठेवायचे असतात. मी दारात उभी होते. त्या पाच मिनिटांत काय होईल यावर माझं पुढचं सगळं आयुष्य आहे असं मला वाटत होतं. मिटल्या डोळ्यांनीच सासूबाई बोलल्या.

"तुमाले माहीत होतं, तुमचं ताट इकडं हाय?"

"हो."

"मंग तुम्ही कायच्यात जेवत होत्या?"

"तुमच्यात."

बाहेर भाजीवाल्याची गाडी येऊन गेली.

"ते चपटं हाय," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्यात वरण पळते."

"पळते नं. मी भाताची पाळ करते भोवतानं."

सासूबाईंनी मान हलवली. पाच मिनिटं व्हायची होती तरी डोळे उघडले आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, चहा ठेव. अन् कागदाच्या कपात नको. बेचव लागते त्याच्यात."

मी स्टीलचे तीन कप काढले. घाईत ओतताना चहा बशीत सांडला. सासूबाईंनी चहासोबत दुपारचा तोच भात मागितला आणि त्याच ताटात खाल्ला. सिस्टर "गरम करून घ्या" म्हणाल्या, तर म्हणाल्या, राहू द्या. दुसऱ्या दिवसापासून सिस्टरांच्या पर्समध्ये चुरगाळलेला कप गेला नाही.

त्या महिन्यातल्या रविवारी आम्ही निघालो तेव्हा मी सवयीने पिशवी भरायला लागले. सासूबाई म्हणाल्या, तुझं घे, माझं राहू दे. पाण्याचा पेलाही घेतला नाही. अंगणात वीसेक माणसं आपापली ताटं मांडीवर घेऊन बसलेली आणि सासूबाई रिकाम्या हातांनी पहिल्या खुर्चीवर. प्राचार्यांनी विचारलं, आजी, ताट विसरलात का. म्हणाल्या, "नाई विसरली. घरी हाय."

सिस्टर डाव हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा सासूबाईंच्या हातांकडे पाहिलं, डाव पातेल्यात ठेवला आणि आत गेल्या. माळ्यावर शिडी लागल्याचा आवाज आला. बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा हातात एक कोरं ताट होतं, मधोमध दुकानाचा गोल स्टिकर. तो काही निघेना. त्यांनी खोबरेल तेल लावलं, नखाने खरवडलं, पाण्याने धुतलं, पदराने तीनदा पुसलं. सगळं अंगण बघत होतं. रोडगे गार झाले. त्या ताटात सासूबाई जेवल्या, आणि वर सिस्टरांच्या माठातलं पाणी प्यायल्या. मी माझ्या ताटाकडे पाहत बसले. सत्तरी ओलांडलेली, चौथी शिकलेली बाई माझ्या पुढे निघून गेली होती.

पुढच्या महिन्यात मी ताट नेलं नाही. इतरांनी नेलं.

दोन वर्षांनी सिस्टरांचे गुडघे गेले आणि भाचीने त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. वसाहतीने निरोपाचा कार्यक्रम योजला. "त्यांच्याच पद्धतीने, साधाच," असं प्राचार्यांनी ग्रुपवर लिहिलं, आणि दारव्हा रोडवरचं लॉन ठरलं. स्टेज, दोन्ही बाजूंना फुलांचे खांब, मागे सिस्टरांचा फोटो असा मोठा फलक. पाणीपुरी, डोसा, तीन गोड. प्राचार्य शून्य कचऱ्यावर पाऊण तास बोलले. त्यांच्या मागे टेबलावर फेकायच्या ताटांची चळत त्यांच्या खांद्यापर्यंत पोचली होती.

सिस्टर काठी टेकत आल्या. काखेत कापडी पिशवी. शाल घेतली, नारळ घेतला, स्टेजवरून उतरल्या आणि पिशवीतून ताट काढून रांगेत उभ्या राहिल्या. ते आमचं चपटं ताट होतं. वाढणारा म्हणाला, मावशी, इथं ताटं आहेत. म्हणाल्या, "असू द्या, मले सवय हाय." भात आणि वरण घेतलं, भोवती पाळ केली, जेवल्या, आणि लॉनच्या मागे जनरेटरजवळच्या नळावर ताट धुतलं. मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी माईक हातात घेतला, घड्याळ पाहिलं.

"एक वाजला," म्हणाल्या. "आता आपापल्या घरी जाऊन झोपा."

लोक खूप हसले. टाळ्या वाजल्या.

जायच्या दिवशी सकाळी भाचीने ते खोकं आमच्या ओसरीवर आणून ठेवलं. सिस्टर गाडीत बसल्या होत्या. सासूबाई खिडकीशी गेल्या. ताटांची अदलाबदल करायची का, असं मी मधेच विचारलं, तर दोघींनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. सिस्टरांनी सासूबाईंचं मनगट धरलं आणि गाडी सुरू होईपर्यंत धरून ठेवलं.

पुढच्या महिन्यातल्या शुक्रवारी, सहा वाजता, सासूबाईंनी मला फोन लावायला बसवलं. एकेक घर.

"काई करून नाई राह्यली मी. बस, या. ताट नका आणू. ताटं हायेत. सिस्टरची हायेत."

शेवटचं वाक्य त्या प्रत्येक घरी म्हणाल्या. कोणाला नंतर कळायला नको, म्हणाल्या.

रविवारी चार घरांत उपास निघाले. सहा घरं आली. प्राचार्य आले तेव्हा त्यांच्या काखेत पिशवी होती आणि पिशवीत गोल काहीतरी होतं. सासूबाईंनी पिशवी त्यांच्या हातातून घेतली, खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, जाताना घेऊन जा. आधी सगळ्यांच्या हातात स्टिकर लावलेलं ताट दिलं, मध्ये खोबरेल तेलाची वाटी ठेवली आणि सांगितलं, काढा. एम. ए., पीएच. डी. झालेला माणूस मांडी घालून नखाने स्टिकर खरवडत बसला होता. मग सगळे गोळाभात जेवले. प्राचार्यांनी दोनदा घेतला. एक वाजता सासूबाईंनी फाटक उघडलं. समोर कोपऱ्यावरच्या पिवळ्या घराला कुलूप होतं.

संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला. किती ताटं निघाली, एवढंच विचारलं. मी म्हटलं, एकोणीस. पाच राहिली. मग म्हणाल्या, "मावशीइले गोळे जड गेले नाही नं?"

ती पाच ताटं अजून आमच्या मांडणीवर आहेत. मध्यंतरी दिवाळीची आवराआवर करताना मी म्हटलं, यांचेही स्टिकर काढून टाकते, बरी दिसतील. सासूबाईंनी माझ्या हातातली तेलाची वाटी काढून घेतली.

"राहू दे," म्हणाल्या. "ज्याले जेवाचं हाय, तो काढन."